हवेची आवक

परभणी. शके १८६२, कार्तिक वद्य ८

डॉक्टर मला म्हणाले, "ओरडायचं असेल तर बाहेर जाऊन ओरडा. इथे पेशंट आहे." पेशंट म्हणजे कोण, तर माझीच बायको. तिला बोरीहून गाडीत घालून मी आणायचं आणि तिच्यासमोर मीच आवाज चढवायचा नाही. बाहेर जाऊन ओरडावं तर रस्त्यावरचे लोक म्हणतील, बोरीच्या बसप्पा आडत्याला वेड लागलं. म्हणून बाजारातून ही वही घेतली. ओरडायचं ते आता यात.

सगळं सुरुवातीपासून लिहितो, म्हणजे चूक कोणाची होती ते पुढेमागे विसरायला नको. सिद्धम्माचं पोट वाढायला लागलं त्याला वर्ष होऊन गेलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, त्यामुळे आधी आनंदीआनंद. आई तर हरखून गेली. सुनेची ओटी भरली, सकाळच्या धारेचं दूध आधी तिला, जेवताना तिला आपल्या शेजारी घेऊन बसायची. नऊ महिने झाले, दहा झाले, अकरावा लागला. पोट वाढतच राहिलं आणि मूल काही आलं नाही. मग आईने कपाळाला हात लावला, पाळणा माळ्यावर गेला आणि घरातलं सगळं पहिल्यासारखं सुरू झालं.

आता सिद्धम्माला आडवं झोपता येत नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी घेते. चार पावलं चालली की धापा टाकते. म्हणून इथे डॉक्टर दिनकररावांकडे आणलं. हैदराबादेत शिकलेले आहेत, हातगुण चांगला म्हणतात. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, गाठ आहे, पाण्याने भरलेली, कापून काढावी लागेल. मी म्हणालो, काढा, आजच काढा. गाडीत परत न्यायला कडबा अंथरून गादीसुद्धा घातली होती मी.

तर या गृहस्थांनी काय करावं? तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली. बोटाला सुई टोचून टिपकागदावर रक्ताचा थेंब घेतला आणि तांबड्या रंगांच्या एका पट्टीशी लावून पाहिला, लुगड्याला खण जुळवावा तसा. मग म्हणाले, "आज नाही. संक्रांतीनंतर. रक्त फार पातळ आहे. या रक्तावर भूल दिली तर ती भुलेतून परत यायची नाही."

मी विचारलं, "कापायचं नव्हतं तर दारावर पाटी कशाला लावलीत?" तेव्हाच ते बाहेर जाण्याचं बोलले.

बोरी. कार्तिक वद्य १०

घरी आलो. डोकं अजून तापलेलंच आहे.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमचा धंदा काय?" म्हटलं, आडत. ज्वारी, करडी, कापूस. तर म्हणाले, "मग तुम्हाला लवकर कळेल." म्हणजे हा दुकानदार, याला दुकानाच्याच भाषेत सांगावं लागणार. राग आला होता, पण ऐकून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं. शरीर म्हणजे बाजार. तिथे विकला जातो तो माल एकच, प्राणवायू. श्वासाची नळी म्हणजे गावाची वेस, तिथून माल आत येतो. रक्त म्हणजे गाड्या, आणि काळीज म्हणजे त्या ओढणारे बैल. माणसाला भूल दिली की बाजारातलं गिऱ्हाईक कमी होतं. हात-पाय ढिले पडतात, अंग थंडावतं, हवा कमी लागते. इथवर लोकांना बरं वाटतं, की झोपलेल्याला काय लागतं. पण तीच भूल त्याच वेळी वेसही अर्धी लावून घेते. श्वास उथळ होतो, जीभ मागे पडते. बैलही सुस्तावतात. म्हणजे मागणी घटते खरी, पण आवक त्याहून जास्त घटते. धडधाकट माणसाकडे गाड्या भरपूर असतात, त्याचं निभून जातं. "तुमच्या बायकोकडे गाड्याच निम्म्या आहेत," डॉक्टर म्हणाले, "आणि वरून ती गाठ वेशीला आतून रेटा देते. बाकीची गिऱ्हाइकं थोडा वेळ उपाशी बसतील. मेंदू आणि काळीज बसत नाहीत."

मी विचारलं, गाड्या कमी का? तर उलट मलाच सवाल. "ती जेवते काय? केव्हा?" माझ्या घरात ज्वारीची पेवं भरलेली आहेत आणि हा माणूस मला विचारतो, बायको काय जेवते! घरातली बाई जेवते ते जेवते. सगळ्यांचं झाल्यावर जेवते, जे असेल ते जेवते. यात विचारण्यासारखं काय आहे?

आणि कहर पुढेच आहे. म्हणाले, "भीतीने, रडण्याने, थंडीने कापण्याने गिऱ्हाईक एकदम वाढतं. मघाशी तुम्ही ओरडलात तेव्हा तिचं मनगट माझ्या हातात होतं. नाडी पळायला लागली." म्हणजे मी बोललो की माझ्या बायकोचा प्राणवायू खर्च होतो! मी काय चोर आहे?

हे सगळं मी वाटेत सिद्धम्माला सांगितलं, गाडीत, बैलांच्या घुंगरांवर आवाज काढून. डॉक्टर कसा मूर्ख आहे ते तिला कळावं म्हणून एकेक गोष्ट फोड करून सांगितली. वेस, गाड्या, बैल. पोटात अन्न असताना भुलेत ओकारी आली तर ते वेशीतच अडकतं आणि बाजार कायमचा बंद, हेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आनिक एकदा सांगा." तिला कळलं नसावं. पुन्हा सांगितलं.

मार्गशीर्ष शुद्ध ३

डॉक्टरांनी आधी काय सुचवलं होतं ते त्या दिवशी लिहिलं नाही, वही विटाळेल म्हणून. जनावराच्या यकृताचा अर्क, सुईने टोचायचा. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. मी उभाच राहिलो. त्यांनी लगेच हात वर केले. "बरं, नको. मग लोहाचं औषध दुप्पट आणि वेळही दुप्पट. पण जेवण मी सांगतो तसं." दूध, गूळ, तीळ, डाळी, रोज पालेभाजी. आणि जेवायला तिने सगळ्यांच्या आधी बसायचं.

आज आईला हे सांगितलं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"सून पयली जेवनार? आन् तू?"

"मी मागून."

"माज्या सासूनं मला कदी पयलं वाढलं न्हाई. मी मेले का?"

"डॉक्टर म्हणतेत, तिच्या रक्तात गाड्या कमी हायेत."

"आमच्या घरात गाड्या मोजायला डागदर कामून लागायलाय?"

सिद्धम्मा दाराआड उभी. तिला म्हटलं, बस. बसेना. म्हटलं, बस की! आणि तेवढ्यात तिच्या छातीकडे लक्ष गेलं. भरभर वरखाली होत होती. मग आवाज खाली आणून म्हणालो, "बस." आईने वळून पाहिलं आणि माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, "ताप आलाय का रे तुला?"

हळू बोलणाऱ्या माणसाला आमच्या घरात आजारी समजतात.

मार्गशीर्ष वद्य ५

गावात माझं हसं झालं आहे. दुपारी दुकानाला कुलूप लावून घरी जेवायला जातो म्हणून. जेवायला म्हणजे काय, सिद्धम्मासमोर बसायला. कारण परवा अवचित घरी आलो तर तिच्या ताटात कोरडी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मेथीची भाजी कुठे गेली विचारलं, तर आई म्हणाली तिलाच नको होती. सिद्धम्मा म्हणाली, हो, मलाच नको होती. दोघी एकीच्या तोंडून बोलल्यासारख्या. बायका अशा एक झाल्या की पुरुषाने करायचं काय?

तेव्हापासून मी समोर बसतो. भाजी संपेपर्यंत उठत नाही. शेजारचा सटवाजी ओट्यावरून सगळ्यांना सांगतो, "बसप्पा बायकोला राखन बसलाय." बसलोय. करडीच्या राशीवर राखण बसलेलं चालतं, बायकोवर बसलेलं नाही. हसा लेकहो.

औषधाने तिचे दात काळे झाले आहेत. काल हसली तेव्हा दिसले. हसली कशाला हे विचारायचं राहिलं.

पौष शुद्ध ४

आई आज सिद्धम्माला दूध देताना म्हणाली, "घे, तुजा नवरा बगायलाय." पण पेला भरून दिला. साय काढली नव्हती.

परभणी. पौष शुद्ध ११

पुन्हा आलो. दवाखान्यामागच्या खोलीत उतरलो आहोत. आज परत टिपकागद, परत रंगांची पट्टी. थेंब पट्टीवर दोन घरं पुढे सरकला. डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं. म्हणाले, "गाड्या वाढल्या, बसप्पा. शाबास." शाबास! मला! जसा मी शाळेतला पोर.

मी म्हणालो, मग काढा गाठ. तर म्हणाले, थांबा. भूल द्यायला नांदेडचे डॉक्टर येणार आहेत. भूलही क्लोरोफॉर्मची द्यायची नाही, तो काळजाला मारतो, ईथरची द्यायची. आणि हैदराबादेहून प्राणवायूचं नळकांडं मागवलं आहे. लढाई सुरू असल्यामुळे नळकांडी फौजेकडे जातात, मिनतवारी करून एक मिळालं आहे, ते रेल्वेने येईल.

माझा आवाज चढला, लिहून ठेवतो. "हवा? रेल्वेने? परभणीत काय हवेचा दुष्काळ पडलाय?"

डॉक्टर नुसते हसले आणि कामाला लागले. मी बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभा राहून एक मोठा श्वास घेतला. भरपूर हवा होती. फुकट.

पौष शुद्ध १४

नळकांडं आलं. डॉक्टर कामात होते, म्हणून स्टेशनावर मी गेलो. पार्सलच्या मुन्शीने ते बोटाने वाजवून पाहिलं. लोखंडी, जाडजूड, तोंड बंद. त्याने विचारलं, "अंदर क्या है सेठ?" म्हटलं, हवा. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हवा? हैदराबाद से? परभनी में हवा का अकाल पड़ा क्या?" आणि मागचे हमालही हसायला लागले.

इतका अडाणी माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी त्याच्या टेबलावर हात आपटला आणि त्याला सगळं सांगितलं. बाजार, वेस, गाड्या, बैल. मागणी घटते पण आवक जास्त घटते. बाहेरच्या हवेत प्राणवायू थोडाच असतो, बाकी सगळी भरती असते. वेस अर्धी बंद असताना जो माल आत जाईल तो तरी निवडलेला, बिनभेसळ जावा, म्हणून हे नळकांडं. साधी गोष्ट आहे, धंदा करणाऱ्या कोणालाही कळेल. हमाल हसायचे थांबले.

मुन्शीने चष्मा काढला. "घरवाली के वास्ते?"

म्हटलं, हो.

"पैले बोलना था ना सेठ," म्हणाला आणि स्वतः उठला. उन्हात तापू नये म्हणून त्याने नळकांड्यावर ओलं पोतं टाकायला लावलं, टांग्यापर्यंत बरोबर आला आणि टांगेवाल्याला बजावलं की खड्डे बघून हाक. मी टांग्यात नळकांडं मांडीला टेकवून बसलो.

पौष वद्य ४

सकाळ लिहिली पाहिजे, कारण सकाळी मी बरोबर होतो असं मला अजून वाटतं.

डॉक्टरांनी काल सांगितलं होतं, आज सकाळी पोटात काहीही जाता कामा नये. मान्य. पण पहिल्या मोटारीने बोरीहून आई आली आणि बरोबर आमच्या मठाचे गुरुलिंगय्या स्वामी. सत्तरी ओलांडलेले, थंडीने बोटं आखडलेली, तरी आले. अंघोळ करून त्यांनी पूजा केली, सिद्धम्माच्या कपाळाला विभूती लावली आणि तिच्या ओंजळीत प्रसाद घातला. फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, खडीसाखर, वर संक्रांतीचा तिळाचा लाडू.

सिद्धम्मा माझ्याकडे पाहायला लागली.

आता प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे. खाणं भुकेसाठी असतं. आमच्यात कडक उपास असला तरी प्रसाद कोणी नाकारत नाही, प्रसादाने उपास मोडत नाही. जो परमेश्वर वेस उघडतो तोच प्रसादाने बंद करील का? हे डॉक्टरांना विचारायचं कारण नव्हतं, म्हणून विचारलं नाही. सिद्धम्माला म्हटलं, "घे." आई म्हणाली, "खा माय, खा." सिद्धम्माने ओंजळ कपाळाला लावली, तोंडावर पदर ओढला, आमच्याकडे पाठ केली. थोड्या वेळाने वळली तेव्हा ओंजळ रिकामी होती. आईने सुस्कारा टाकला. मलाही बरं वाटलं.

मग आत न्यायची वेळ झाली. गळ्यातलं लिंग काढा म्हणतील, ही मला खात्री होती. काय काय बोलायचं ते रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं. तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. फक्त गळ्याशी दोरा नको, डाव्या तळहातावर बांधा." पूजेला आम्ही धरतो तिथेच. माझं सगळं भाषण वाया गेलं.

दार बंद झालं. आम्ही कडुलिंबाखाली. फटीतून ईथरचा गोडसर, डोकं धरणारा वास यायला लागला. दवाखान्यातली दगडाबाई सिद्धम्माचं लुगडं घडी करून माझ्या हातात देऊन गेली. पदराच्या टोकाला मोठी गाठ लागली हाताला. सोडून पाहिली.

फुटाणे, खोबरं, खडीसाखर. लाडू अख्खा.

मी काय पाहतो आहे ते समजायला थोडा वेळ लागला. तिने खाल्लंच नव्हतं. स्वामी म्हातारपणी, गारठ्यात, मोटारीचे हिसके खात आले. मी घे म्हणालो, माझी आई खा म्हणाली, आणि हिने पाठ फिरवून गाठ मारली! आमच्या घरात आजपर्यंत कोणी प्रसादाला असं फसवलेलं नाही. इतक्या वर्षांत माझा एक शब्द तिने खाली पडू दिला नव्हता, आणि पडू दिला तो आज. माझं टाळकं फिरलं. मी उठलो, दारापाशी गेलो. काय करणार होतो कोण जाणे, पण तोंड उघडलं होतं.

आणि आतून ओकारीचा आवाज आला. घशातून उमळून आल्यासारखा, एकदा, मग पुन्हा. डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "मान वळवा! डोकं खाली, डोकं खाली करा!" नंतर काही नाही. नुसता त्या नळकांड्याचा सूं सूं आवाज.

मी दाराशी तसाच उभा. हातात लुगडं.

दगडाबाई तसराळं घेऊन बाहेर आली. मी तिचा रस्ता अडवला. ती म्हणाली, "उलटी झाली, मालक. नुसतं पानी निघालं, दुसरं काईच न्हवतं पोटात. व्हट निळे पडले व्हते, आता लाल व्हायलेत. सरा, जाऊ द्या मला."

मी सरलो. ओरडायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. पदराला पुन्हा गाठ मारली, तिची होती तशीच, आणि झाडाखाली जाऊन बसलो. आईने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ घागरीएवढी निघाली. बाई सुखरूप आहे, श्वास चांगला आहे, म्हणाले. पण तिला खोलीत आणली तर तिचं अंग थडथड कापायला लागलं, दातावर दात. मला ठाऊक होतं. कापलं की गिऱ्हाईक वाढतं, आणि गाड्या आधीच रक्त सांडून कमी झालेल्या. मी म्हणालो, पांघरुणं आणा. दोनच होती. दोन! माणसं कापता आणि पांघरुणं दोन ठेवता? मी अंगावरचं घोंगडं टाकलं. आईने आपलं दुसरं लुगडं दुहेरी करून टाकलं. स्वामींनी भगवी शाल काढून दिली आणि स्वतः उघड्या खांद्यांनी कोपऱ्यात बसून राहिले. आई सिद्धम्माचे तळपाय चोळत होती, अंगारा लावावा तसे, हलक्या हाताने. हे मी पूर्वी पाहिलेलं नाही. हळूहळू कापणं थांबलं.

मग आई माझ्या कानाशी म्हणाली, "परसाद खाल्ला म्हनून वाचली बग."

माझ्या काखेत लुगडं होतं, गाठीसकट.

म्हणालो, "हो."

पौष वद्य ८

स्वामी आणि आई आजच्या मोटारीने गेले. शाल स्वामींनी मागे ठेवली, त्या रात्री पुन्हा झालेल्या उलटीचा तिच्यावर डाग पडला म्हणून दगडाबाईने धुवून कुंपणावर वाळत घातली आहे.

सिद्धम्मा आता पाठीवर झोपते. सरळ, उताणी. काल सगळी रात्र तशीच झोपली. मी मधून मधून उठून पाहत होतो, कारण इतकं सरळ झोपलेलं माणूस पाहण्याची सवय राहिली नव्हती.

आज खोलीत दोघंच होतो. मी दार लोटलं, खाटेशी बसलो आणि अगदी हळू विचारलं, "परसाद कामून खाल्ला न्हाईस?"

तिने मान माझ्याकडे वळवली. "तुमीच सांगितलाव न्हवं गाडीत. पोटात काई आसलं आन् उलटी झाली तर येशीत आडकतंय. बाजार बंद."

"ते डॉक्टरचं म्हणणं मी सांगत होतो."

"दोनदा सांगितलाव."

"आगं पण स्वामींच्या हातचा परसाद. मी घे म्हणलो, माय खा म्हणली."

"परसाद उद्या बी मिळंल," ती म्हणाली. "मी उद्या आसंन का न्हाई, ते कुनाला ठावं व्हतं?"

राग तर आलाच होता. मी म्हणालो, "स्वामींना कळलं तर?"

"त्येंनी बगितलं मला गाठ मारताना. हासले."

म्हणजे स्वामींनाही ठाऊक! आणि मोटारीत बसेपर्यंत गृहस्थ एक अक्षर बोलले नाहीत! सगळ्यांना सगळं माहीत, फक्त मला आणि आईला नाही. मला फार बोलायचं होतं, पण तिच्या नाडीचा विचार करून गिळलं.

ती म्हणाली, "कुटं हाय त्यो?"

उशाखालून लुगडं काढून दिलं. तिने गाठ सोडली, तिळाचा लाडू मोडला. डॉक्टरांनी कालपासून थोडं थोडं खायला सांगितलंच आहे. एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. मग उरलेला माझ्यासमोर धरला. "घ्या. त्या दिसापासून तुमी पोटभर जेवलेले न्हाईत." मी आधी, तू आधी असं काही झालं नाही. ती आधीच खाऊन मोकळी झाली होती. मी खाल्ला. कडक झाला होता.

मग ती म्हणाली, "जरा वरडा की."

"काय?"

"तुमी आसं बारीक बोलायलाव तर मला वाटतंय, मी मरायलेय आन् तुमी मला सांगंना गेलाव. भ्या वाटायलंय. घरात वरडत व्हताव तसं वरडा."

असं कोणी सांगून ओरडता येतं का? मी खिडकीतून बाहेर पाहिलं, तर कुंपणावरच्या स्वामींच्या शालीचं टोक एक शेळी चघळत उभी. मी बाहेर धावलो. डॉक्टर म्हणाले होतेच, ओरडायचं तर बाहेर जाऊन ओरडा. त्या शेळीवर, तिच्या मालकावर, असं कुंपण घालणाऱ्यावर मी दोन महिन्यांचं सगळं एकदम ओरडलो, आडतीतला लिलाव चालावा तसा. समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. शेळी पळाली.

मागे खिडकीतून सिद्धम्माचं हसणं ऐकू आलं. काळे दात दिसत असणार. टाके ताणतील म्हणून मी तसाच आत गेलो आणि तिला बजावलं, हसू नकोस. तर आणखीच हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांत पाणी, छाती वरखाली, नाडी पळत.

ओरडण्याने आणि कापण्याने किती खर्च होतो ते डॉक्टरांनी सांगितलं आहे. हसण्याचं काहीच बोललेले नाहीत. उद्या विचारलं पाहिजे.